कॅबिनेटमागचं पीठ

मी सातिवलीत एका पॅकिंगच्या युनिटमध्ये स्टोअर सांभाळते. मोजल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, मोजल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मला कुणावर विश्वास ठेवणं जमत नाही, असं नवरा म्हणतो. मला जमतं. आधी बघून घेते, एवढंच.

तो एका कंपनीत नोकरीला होता, पण घरी बसूनच बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा. पोहायचा तलाव, हिरवळ, फुगे घेऊन पळणारी मुलं. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या खिडकीतून यातलं काहीच दिसत नाही. या कामासाठी म्हणून त्याने गेमिंग कॉम्प्युटर आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कामाच्या वस्तूला लाल-निळे दिवे कशाला? बाजूला काच कशाला? तो म्हणाला, "अगं, एवढं मोठं चित्र बनवताना हा जाम तापतो. म्हणून इतके पंखे. समोरून थंड हवा आत, मागून गरम बाहेर." मी मागे हात धरून पाहिला. तेवढं तरी खरं निघालं.

रात्री चित्र तयार व्हायला लावून तो झोपायचा आणि मशीन सकाळपर्यंत घुमत राहायचं. मागून येणारा तो गरम वारा फुकट जातोय, हे मला बघवेना. माझं माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं, घरात आंबोळ्या हव्यातच, आणि विरारच्या थंडीत पीठ काही केल्या फुगत नाही. एका रात्री मी पिठाचं पातेलं कॉम्प्युटरच्या खोक्यामागे, म्हणजे त्याच्या भाषेत कॅबिनेटच्या मागे, सरकवलं. सकाळी पीठ टम्म फुगलेलं आणि कॉम्प्युटर अर्ध्या चित्रावर बंद पडलेला. पातेलं मागच्या जाळीला चिकटून बसल्याने गरम हवेला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. नवरा घर डोक्यावर घेऊन ओरडला. "तोंड दाबून ठेवलंस त्याचं, आतल्या आत शिजला असता ना तो!" शेवटी आमचा तह झाला, पातेलं वीतभर लांब ठेवायचं. तेव्हापासून सकाळी उठलं की आधी कॅबिनेटच्या मागे हात आणि मग पातेल्याचं झाकण, ही माझी सवयच झाली. हाताला ऊब लागली की कळायचं, रात्रभर काम झालंय. तेवढ्यावर मी निश्चिंत मनाने कामाला जायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हात लावला तर मागचा पत्रा थंडगार. पीठही जसंच्या तसं. नसेल एखाद्या दिवशी काम, म्हणून मी सोडून दिलं. पुढचे दोन-तीन दिवसही तेच. मग मात्र विचारलं, "पंखा गेला की काय?"

"छे गं. रविवारी फिल्टर धुतला, आतली गार ठेवणारी पेस्ट बदलली. हवा एकदम खेळती झाली, आता तापतच नाही."

उत्तर फारच तयार होतं. आमच्या गेटवर ज्याचं उत्तर प्रश्नाआधी तयार असतं, त्याची पिशवी मी दोनदा बघते.

तो आंघोळीला गेला तशी मी कॅबिनेटची पुढची जाळी काढली. धुतलेली म्हणे! बोट ओढलं तर धुळीत रेघ उठली. म्हणजे हा खोटं बोलत होता, आणि कशासाठी ते कळत नव्हतं. एका फिल्टरपायी कोण खोटं बोलेल? कुणी बाई असेल, असं वाटलं. पैसे लावून खेळायचा काही नाद लागला असेल, असंही वाटलं. त्याचा फोन वाजला की मी भाजी चिरता चिरता थांबायचे. फोन फारसा वाजतच नव्हता, तर मला त्याचाही संशय आला. दोन दिवस असे काढले आणि मग जेवताना नुसतं म्हटलं, "जाळीत धूळ आहे. आणि मागे अजून थंडच लागतंय."

"बघतो," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागे हात नेला तर चटका बसेल इतकं गरम. पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि पीठ झाकण ढकलून बाहेर आलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी बोलायचा अवकाश आणि लगेच काम आलं? मी माउस हलवला. स्क्रीनवर ना इमारत ना तलाव. एक केसाळ कडं गरगर फिरत होतं आणि बाजूला तापमानाचे आकडे पळत होते.

तो चहाचे कप घेऊन आला आणि दारातच थांबला.

"ही कुठली इमारत?" मी विचारलं.

"टेस्ट आहे ती."

"कसली?"

"मशीन मुद्दाम तापवायचं. पंखे पुरे पडतात का ते बघायला."

"रात्रभर?"

त्याने कप खाली ठेवले. "काम गेलंय. आठवडा होत आला. आमच्या टीममधल्या सगळ्यांनाच काढलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू रोज हात लावून जातेस ना. थंड लागला तर तुला दिवसभर घोर. दुसरं काही मिळेपर्यंत गरम ठेवू म्हटलं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. नोकरी जाते, दुसरी लागते. पण माझ्या हाताला फसवायचं, हे त्याने रात्री बसून ठरवलं होतं. मला तोंडावर सांगण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं. मी वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "अशी चिडशील म्हणूनच नाही बोललो," तेव्हा तर मी आणखी भडकले. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचले आणि कारण काय सांगितलं ते आठवतही नाही.

आता त्याला अंधेरीला नोकरी आहे. तेच काम, पण तिथल्या ऑफिसात बसून, तिथल्या मशीनवर. संध्याकाळी आला की मी विचारते, "काम आहे ना रे?"

"आहे गं, भरपूर," तो म्हणतो.

असेलही. डबा संपलेला असतो, चेहराही दमलेला दिसतो. पण आता हात कुठे लावून बघायचा, ते मला कळत नाही.