रोडग्यांवर झालेला तह

माझ्या मेहुण्याला तहातलं कळतं, हे आता परदेशातल्या लोकांनीही मान्य केलंय. मी अजून केलेलं नाही.

गजू म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, राहतो रिठदला. मी वाशीमला. आम्ही दोघंही मोबाईलवर राजेरजवाड्यांच्या लढायांचा एकच गेम खेळतो. (वय विचारू नका.) त्यात लढाई फर्मास, पण तह अगदीच भिकार! जिंकणाऱ्यानं मागायचं, हरणाऱ्यानं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, संपलं. हे सुधारा म्हणून मी परदेशातल्या गेमवाल्यांना चार पानं लिहून पाठवली. उत्तर नाही. गजूनं दोन ओळी लिहिल्या : 'हरणाऱ्याला आधी थकू द्या, थकवा वाढेल तशा त्याच्या अटी गळू द्या. शेवटी त्याची लाज राखायला काहीतरी द्या.' त्याला लगेच उत्तर आलं. झकास कल्पना, पुढच्या आवृत्तीत घेतो!

मी जळलो. खोटं कशाला बोलू, पार कोळसा झालो.

त्याच रविवारी सासुरवाडीला रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा बेत. अंगणात सगळी भावकी जमलेली, आणि आमची बायको सांगतेय, "आमच्या गजूचं डोस्कं पाहा! नाही तं हे. चार पानं लिवले, कुत्र्यानं इचारलं नाही!"

"मी जेवत नाही!" असं गरजून मी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. जावई रुसला की सासुरवाडीनं मनधरणी करायची, ही आमच्याकडची रीत. मी अटीही ठरवून टाकल्या. कल्पना मूळची भाऊजींची, असं गजूनं चारचौघांत कबूल करायचं. बायकोनं शब्द मागे घ्यायचे. शिवाय शर्टाचं कापड.

सासूबाई निघाल्याच होत्या. तेवढ्यात गजूचा आवाज आला, "माय, थांब. आताच नको जाऊ."

"अरे, जवाई उपाशी बसून राह्यले ना!"

"बसू दे. थकवा वाढू दे त्याईचा."

तो नालायक माझ्यावर प्रयोग करत होता!

गोवऱ्यांच्या आरातून रोडग्यांचा खरपूस वास आला. मी शर्टाचं कापड सोडलं. मग वांग्याच्या भाजीचा आला, तेव्हा बायकोला माफ करून टाकलं. तेवढ्यात अंगणात कुणीतरी ओरडलं, "तूप सरून राह्यलं बरं का!"

गजू अगदी याच वेळी ओसरीवर आला. "बोला भाऊजी, काय अट हाय तुमची?"

मी मोठ्या रुबाबात विचारलं, "तूप उरलं का?"

"उरलं ना."

"मग झाला तह!"

त्यानं सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. "लाज राखाले, भाऊजी!" भावकीनं टाळ्या वाजवल्या. मी तोवर तिसऱ्या रोडग्यावर होतो.

पुढे गेमची नवी आवृत्ती आली. गजूनं गेमवाल्यांना कळवलं, तुमच्या राजाचा थकवा फार हळू वाढतो, खरा राजा तासाभरात पडतो. पुरावा म्हणून टोपी-दुपट्ट्यातला, तोंडात रोडगा कोंबलेला माझा फोटो जोडला.

माझ्या चार पानांचं उत्तर अजून आलेलं नाही. फोटोचं मात्र त्याच दिवशी आलं!