वाटूरच्या वाट्याचा मोझेस

खाजाचाचांचं नाव आधी घेतो, बाकीचं मागून. हैदराबादेत आमच्या कापडगिरणीच्या रंगखात्यात ते होते. आता कामावरून निवृत्त झालेत, नजर पार अधू झाली आहे. त्यांनी मला एक खेळाडू दिला. खेळाडू कसा देतात ते सांगतोच, पण तो दिला नसता तर मी पहिल्याच दिवाळीला वाटूरला परत आलो असतो, एवढं आधी लिहून ठेवतो.

निघालो तो दिवस गावातल्या पुष्कळांना आठवत असेल. सातवीतून शाळा सोडून मी मेंढरांमागं गेल्तो, आणि दुष्काळाच्या साली मेंढरंच गेली. लग्न नुकतंच झाल्तं. बाप फाट्यापर्यंत सोडायला आला. परतूरची मोटार दिसली तशी त्यानं माझ्या खांद्यावरची घोंगडी नीट केली आणि म्हणाला, "दिवाळीपस्तोर बघ. तिथं कोणी तुला ओळखून राह्यलं तर ऱ्हाय. न्हाई तर ये माघारी. इथं तुला कुत्रंबी ओळखतं." परतूरहून काचीगुड्याची रेल्वे धरली. रस्ताभर डोक्यात एकच: मला तिथं कोण ओळखणार?

गिरणीत झाडूचं काम मिळालं. काम जमलं, माणसं जमेनात. वाटूरला बाजाराच्या दिवशी चार पावलं टाकली की पाच जण हाक मारायचे. इथं आठ-आठ दिवस माझं नाव कोणाच्या तोंडून ऐकू येत नव्हतं. कधी कधी मीच ते हळूच म्हणून बघायचो. बिनकामाची काळजी करायचा स्वभाव माझा आधीपासूनच, त्यात हे.

फाटकासमोर एक इराण्याचं हॉटेल होतं. त्याच्या भिंतीकडच्या लांब बाकावर आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीमचे जुने शौकीन बसायचे. टीम पगारी खेळाडूंची, एके काळी मोठमोठ्यांना रडवणारी. मी गेलो तेव्हा ती मैदानावर हरायची जास्त, पण बाकावर रोज जिंकायची. आणि त्या बाकाचा एक कायदा होता. प्रत्येकाकडं एक जुना खेळाडू. त्याचे किस्से त्यानंच सांगायचे, दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. कोणी मेला किंवा शहर सोडून गेला तर त्याचा खेळाडू दुसऱ्याला द्यायचा. मेंढरू जसं बिनधन्याचं ठेवत नाहीत, तसंच.

एकदा जागा नव्हती म्हणून मी त्या बाकाच्या टोकाला टेकलो. नरसिंग टेलरनं विचारलं, "क्या मियाँ, तुम्हारा खिलाडी कौन?"

मी म्हणालो, "मैंने फुटबॉल देखाच नहीं."

सगळा बाक हसला. खाजाचाचा मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडं दोन होते: स्वतःचा गोलकीपर मुनीर, आणि एका मेलेल्या दोस्ताकडून आलेला, डाव्या कडेनं धावणारा लेफ्ट-आऊट मोझेस. म्हणाले, "मेरे पास एक ज्यादा है. मोझेस इसको देतूँ."

नरसिंग उसळला. "जो देखाच नहीं, वो क्या खाक बोलेगा?"

"मैं दिखातूँ ना. दिवाली तक देखेंगे. नहीं जमा तो वापस ले लेंगे."

बापाची दिवाळी आणि बाकाची दिवाळी एकच निघाली. त्या रात्री मी दिवाळीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

पाळी सुटल्यावर चाचा मला गिरणीमागच्या मैदानात न्यायचे. लुंगी वर खोचून, रंगानं निळे झालेले हात पसरून, हा म्हातारा माणूस पांढऱ्या रेघेवरून मोझेसची चाल चालून दाखवायचा. "देख, बायाँ कंधा गिराया. सामने वाला उधर गया. और ये दाएँ से निकल गया!" मग दम लागून खालीच बसायचे, आणि बसल्या बसल्या पुन्हा खांदा पाडून दाखवायचे. मला हे अवघड गेलं नाही. बापानं लहानपणीच शिकवल्तं, कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू कसं हुडकायचं. "तोंडाकडं बघू नको, तोंडं समदी सारखी. चालीकडं बघ."

मग मी बाकावर मोझेस सांगायला लागलो. माझ्याकडं शब्द होते ते आपल्या रानातलेच. म्हणालो, काट्याच्या कुंपणात फट दिसली की एडका जसा घुसतो, तसा मोझेस घुसायचा. नरसिंगनं विचारलं, "एडका क्या होता बे?" मी कपाळ पुढं करून, मान खाली घालून दाखवलं. चहा सांडेपर्यंत हसले सगळे, पण ऐकून घेतलं. माझ्या मोझेसचा सगळ्यात मोठा किस्सा म्हणजे फायनलचा कॉर्नर: मैदानाच्या कोपऱ्यातून त्यानं मारलेला चेंडू कोणालाही न लागता वळून सरळ गोलात.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी तो किस्सा चालू होता. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या शर्टातला, छत्रीवाला एक उतारवयाचा माणूस चहा पीत होता. मध्येच म्हणाला, "सीधा नहीं गया था. किसी के सर को लग के गया."

बाक खवळला. माझा तर जीवच गेला. माझ्या खेळाडूचा गोल खोटा निघाला तर मोझेस गेला, बाक गेला, मीही गेलो. नरसिंग म्हणाला, "उस्ताद, तुम थे क्या उस दिन?"

"था."

"कहाँ बैठे थे?"

"बैठा नहीं था."

"हौ, तो खडे रहने का टिकट लिए होंगे! उधर से क्या दिखता, खंबा?"

पुन्हा हशा. माणूसही थोडा हसला, उठला आणि दाराकडं चालू लागला. समोरून पोऱ्या कपांचा ट्रे घेऊन येत होता. माणसाचा डावा खांदा पडला, पोऱ्या तिकडं झुकला, आणि माणूस उजवीकडून निघून गेला. एक कपसुद्धा वाजला नाही.

मी उभा राहिलो. तोंडातून मोठ्यानं निघालं, "मोझेस!"

नरसिंग म्हणाला, "बैठ बे, पागल हुआ क्या?" पण दारातला माणूस थांबला होता. चाचांनी नजर बारीक करून विचारलं, "कौन है? मेरेकू नहीं दिख रहा." मी म्हणालो, "चाचा, मोझेस हाय." त्या घाईत मला हिंदी सुचली नाही.

तो परत आला. बाक सरकला. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीच त्याला ओळखलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो अजून काळ्याभोर केसांचा होता. त्यानं मला विचारलं, "तू मेरेकू खेलते देखा था?"

"न्हाई," मी म्हणालो.

"इसको मैंने दिया," चाचा म्हणाले. "तुझको."

मोझेसनं चाचांचा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही. जाताना मला म्हणाला, "वो गोल... सीधाच रहने दे. तू अच्छा बोलता." त्यानंतर मोझेस वापस घेण्याची गोष्ट कोणी काढली नाही. दिवाळीला मी गावी गेलो, पण बायकोला घेऊन यायला.

आज काचीगुड्यापासून गिरणीपर्यंत मला हाका येतात, कोणी नावानं मारतं, कोणी 'एडका' म्हणून. शहराची आता भीती वाटत नाही. गाव सोडून निघालेल्यांनो, तुम्हीही घाबरू नका; चालीकडं बघायची आपली सवय कुठंही चालते. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी वाटूरच सांगतो. पण सुट्टीत गावी आलो की चौथ्या दिवशी मला बाक आठवतो, आणि बाकावर बसलं की फाटा. आता हे असंच राहणार, त्याचं वाईट वाटत नाही.

मैदानात आता मी चाचांच्या शेजारी बसतो आणि चाललेला खेळ त्यांना सांगतो. परवा ते म्हणाले, "मेरे बाद मुनीर भी तूच ले." मी मान हलवली. त्यांना दिसली नसेल म्हणून तोंडानंही हो म्हणालो.

पण तेवढ्यानं माझं समाधान नाही. म्हणून गावातल्या लोकांनो, हे सगळं तुम्हाला लिहून राह्यलो. मुनीरचे किस्से मी प्रत्येक सुट्टीत तुम्हाला सांगत जाईन. ते नीट ऐकून ठेवा. एक दिवस मी चाचांचा हात धरून त्यांना वाटूर फाट्यावर उतरवणार आहे. त्यांना काही दिसणार नाही, आपलं गाव त्यांना कोणतंही गाव वाटेल. तेव्हा माझ्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी पुढं व्हा आणि विचारा, "चाचा, मुनीरवाले तुम्हीच ना?"