खंडेनवमीची गणितपेटी

आटपाडीकडच्या एका वाडीतल्या शाळेचे मुख्याध्यापक आकाराम गुरुजी यांनी उभ्या नोकरीत सरकारची एक वस्तू हरवू दिली नव्हती. हरवणार कशी? वापरू दिली तर ना! फुटबॉलमध्ये कधी हवा भरली नव्हती आणि पृथ्वीचा गोल अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरत होता. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होताना सगळं कोरं करकरीत पुढच्याच्या हवाली करायचं, एवढीच त्यांची हौस.

काही वर्षांमागं शाळेत गणिताची पेटी आली. आत दशकाच्या दांड्या, सुटे ठोकळे, रंगीत मणी. पोरांनी हाताळून गणित शिकावं म्हणून सरकारनं धाडलेली. गुरुजींनी ती पोरांचा हात लागू नये म्हणून कपाटात घातली आणि किल्ली करगोट्याला बांधली. दात होते, चणे होते. फक्त चण्यांवर गुरुजी बसले होते.

तिसरीच्या विजयमाला बाई सारख्या मागं लागायच्या. "गुरुजी, हातच्याची वजाबाकी नुसत्या फळ्यावर उमगत नाही पोरांना. तुमची शिवांजलीसुद्धा अडलीय."

शिवांजली ही गुरुजींची नात, त्यांचा जीव की प्राण. तरी उत्तर ठरलेलं. "आवं बाई, एक मणी हरवला तर जबाबदार कोण?" आणि घरी जाऊन ते नातीकडून वजाबाकी घोकून घ्यायचे. ती घोकायची, येत मात्र नव्हती.

पेटी बाहेर निघायची ती खंडेनवमीला. शेतकरी औतं पूजतात, तशी गुरुजी पेटी पूजायचे. हळदकुंकू, झेंडूचा हार आणि पुढं पोरांची रांग. हात जोडायचे, कपाळ टेकायचं, पुढं सरकायचं.

यंदा माघात तपासणीला साहेब आले. गुरुजींनी मोठ्या तोऱ्यात कुलूप काढलं. साहेबांनी नेमकी शिवांजलीलाच हाक मारली.

"बाळ, बेचाळिसातून सतरा वजा करून दाखव. घे, पेटी तुझ्यासाठीच आहे."

शिवांजली पुढं आली. तिनं डोळे मिटले, हात जोडले, पेटीला कपाळ टेकवलं आणि जाऊन जागेवर बसली.

साहेब पोट धरून हसले. "वजाबाकी राहू द्या, संस्कार उत्तम! आणि पेटी काय राखलीय गुरुजी! साऱ्या तालुक्यात अशी कोरी पेटी नाही."

हेच ऐकायला गुरुजींनी हयात घालवली होती. आज मात्र त्यांना मान वर करवेना. नातीचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही.

साहेबांची गाडी गेली तशी शिवांजली धावत आली आणि तिनं आजोबांचं बोट धरलं.

"आबा, साहेब लय खूश झालं. मी नीट पाया पडले न्हवं?"