डाव्या हाताची तीन बोटं

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी टायपिंगचा क्लास चालवायची. कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट. दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी यायची, दिवसभर खडखडाट चालायचा. एका सकाळी तिशीतला एक माणूस दारात उभा राहिला. बिडकीनकडचा, शेतकरी घरातला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. खिशातला डावा हात काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

“बाई, दोन बोटं नायत. येईल का मला टायपिंग?”

अंगठ्याजवळची दोन्ही बोटं प्रेस मशीनमध्ये गेली होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालास तर ऑफिसात घेतो, असं त्याच्या साहेबांनी कबूल केलं होतं. “नायतर गेटवर उभं करतेत,” तो म्हणाला. “गेटवर मन लागत नाय बाई. येणारा-जाणारा हाताकडंच बघतो.”

कुठलं अक्षर कुठल्या बोटानं मारायचं, हा आमचा तक्ता दहा बोटांचा. ह्याला काय शिकवायचं, ते मलाच ठाऊक नव्हतं. तरी तोंडातून गेलं, “उद्यापासून या.”

संध्याकाळी क्लास रिकामा झाल्यावर मी माझी तीच दोन बोटं रुमालानं तळहाताशी बांधली आणि मशीनवर बसले. क, म, त ही नेमकी त्या दोन बोटांची अक्षरं; करंगळीशेजारचं बोट आत सरकवून ‘क’वर आणलं. त्याच्या आवाक्यात जेवढं येईना तेवढं उजव्या हाताकडं दिलं. बोटं एकमेकांत अडकत होती, मनगट भरून आलं. नवरा चहा घेऊन आला आणि बघतच राहिला. “आता तू कशाला लुळी झालीस?” मी हसले, पण रुमाल सोडला नाही. दोन-तीन संध्याकाळी अशा घालवल्यावर एक नवा तक्ता हाताला बसला.

तो नेमानं यायचा. शिफ्ट सुटली की सायकलवरून थेट. करंगळीत जोर नसायचा, अक्षर फिकट उठायचं, म्हणून तो कळ जोरात मारायचा. मी म्हणायची, “भाऊ, सावकाश.” तो म्हणायचा, “व्हय,” आणि पुन्हा जोरातच मारायचा.

महिनाभरात त्याचा हात चांगला बसला. मग मी त्याला कीबोर्डकडं बघायला बंदी केली. त्या दिवशी त्याचा कागद हातात घेतला तर ‘माती’च्या जागी नुसता काना आणि वेलांटी. ‘काम’चा तर नुसता काना. ओळीमागून ओळी तशाच.

“अहो, क, म, त कुठं गेले?”

त्यानं कागद बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. “मी दाबले होते बाई. खरंच दाबले. ती बोटं अजून हालतेत. मला कळतं ना, कळ खाली गेलेली.”

शेजारच्या मशीनवरच्या मुलीचे हात थांबले. मग मी खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसले. म्हटलं, “ती हालू द्या. त्यांना रागवू नका. ती हालली की ह्या बोटाला सांगायचं, आता तुझी पाळी.” आणि ‘क’ आला की मी त्याच्या करंगळीशेजारच्या बोटावर हलकेच टिचकी मारायची. पुढं मला क्लास बघावा लागायचा तेव्हा ती शेजारची मुलगी टिचकी मारू लागली. तिला तो ‘ताई’ म्हणायचा, ती त्याच्या निम्म्या वयाची असूनही.

पहिल्या परीक्षेला तो वेगात नापास झाला. मला वाटलं, आता येणार नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो मशीनवरचं कव्हर काढताना दिसला. पुढच्या खेपेला पास झाला, काठावर. पेढे आणले, आधी त्या मुलीला दिले.

पण तोवर कारखान्यातले साहेब बदलले होते. नवे म्हणाले, असं काही ठरल्याचं आम्हाला माहीत नाही. वर्षभर तो गेटवरच उभा राहिला. मग नोकरी सोडून पैठणला गेला, एवढंच कानावर आलं.

काही वर्षांनी सासऱ्यांच्या जमिनीच्या कामासाठी पैठणला गेले. तहसीलबाहेर अर्जनवीस बसतात, तिथं तो ताडपत्रीखाली मशीन मांडून बसला होता. समोर चार-पाच माणसं. मला बघून उठला, मागं बसलेल्या बायकोला हाक मारली, “अगं, बाई आल्यात!” आणि मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

समोरचा म्हातारा कुरकुरला, “माझा अर्ज राहिला ना!”

“थांबा हो मामा,” तो म्हणाला. “आधी चहा येऊ द्या.”