उजव्या पायाचा ब्रेक

आमच्या बाबांना सगळी सोसायटी लिफ्टकाका म्हणते. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त होताना म्हणाले, आता आराम. कसला आराम नि कसलं काय! लगेच टेम्पोतून एक जुनी ब्रिटिश मोटरसायकल आली, तीही अख्खी नाही, पोत्यांत भरून. आईने कपाळाला हात लावला. "लोकांच्या घरात या वयात जावई येतात, आमच्याकडे भंगार आलं." टोमणा मला होता. मी कानाआड केला.

मागच्या खोलीतून माझा पलंग हलला, पेट्रोलची टाकी माझ्या कपाटावर चढली, माझ्या ओढण्यांना ग्रीसचा वास यायला लागला. मी भांडले. मग बाबांनी हातात पान्हा दिला आणि मीच त्यांच्या नादाला लागले.

या विलायती गाड्यांचा कारभार उलटा. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. मी रोज कामावर नेते ती गाडी आजकालची, तिचा ब्रेक उजव्या पायाला. बाबा म्हणाले, "चालवणार तू. आणि घाबरलं की माणसाचं डोकं नाही, सवय चालते." फ्रेममधून आरपार एक दांडा घालून त्यांनी ब्रेक उजवीकडे आणला, गिअर डावीकडे नेला. त्यांचा एक जुन्या गाड्यांचा वेडा मित्र हळहळला, "अरेरे, गाडीचं मूळ रूप घालवलंस!" बाबा म्हणाले, "मूळ पोरगी शाबूत राहू दे, मग बघू."

त्यांचा नियम एकच, लिफ्टवाल्याचा. इंजिन सुरू करण्याआधी गाडी थांबते का ते बघायचं. चेन काढायची, गाडी घरासमोरच्या उतारावर सोडायची आणि ब्रेक दाबायचा. मी बसले, उजवा पाय दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. बाबांनी शिट्टी मारली.

पण त्याच दिवसांत ते विसरायला लागले होते. चहाचा कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आज चहा नाही का?" एकदा स्वतःच बसवलेलं मडगार्ड बघून म्हणाले, "कुठल्या गाढवाने हे वाकडं बसवलं?" मी पोट धरून हसले. आई हसली नाही. स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "त्यांना एकट्याने गाडीला हात लावू देऊ नकोस. मला भीती वाटते गं."

"तू ना, उगाच भूत उभं करतेस. वय झालं की होतं असं."

म्हणायला मी म्हणाले. पण तेव्हापासून बाबा खोलीत असले की माझा एक कान तिकडेच. पान्ह्याचा आवाज थांबला की मी उठून डोकावून यायचे.

नंतर बाबांनी ब्रेकला नवे लायनर घातले, म्हणून पुन्हा उतारावर जायचं ठरलं. मी कामावरून आले तेव्हा गाडी फाटकाबाहेर काढून ते वाटच बघत होते. "चल, बस लवकर." मी बसले. खाली बघायचं मनातही आलं नाही. स्वतःच्या घराची पायरी कोण बघून चढतं? बाबांनी मागून ढकललं.

अर्ध्या उतारावर मी उजवा पाय दाबला.

खट् असा आवाज आला. बस्स. गाडी चालली होती तशीच चालली. पुन्हा दाबला, टाच मारली, काही नाही. उतार संपतो तिथे मोठा रस्ता, आणि त्यावरून बस येताना दिसत होती. हातातला ब्रेक आवळला, तर तो कुरकुरला आणि गाडी जेमतेम मंदावली. कोपऱ्यावर बांधकामाची वाळू पडली होती. मी हँडल तिकडे वळवलं आणि देवाचं नाव घेतलं. बस हॉर्न वाजवत गेली, तिचा वारा मला तोंडावर लागला.

वाळूत पडल्या पडल्या मी गाडीकडे पाहिलं. गिअर उजवीकडे होता. ब्रेक डावीकडे. मधला आरपार दांडा कुणीतरी काढून टाकला होता.

बाबा धापा टाकत आले. "लागलं का गं? ब्रेक का नाही दाबलास?"

"दाबला की. उजवा."

"उजवा? अगं वेडे, या गाडीचा ब्रेक डावीकडे असतो!"

"बाबा, तुम्ही तो उजवीकडे आणला होता. माझ्यासाठी."

मला वाटलं, आता ते दचकतील, जीभ चावतील. बाबा हसले. लहान मूल काहीबाही बोललं की हसतात, तसे. "मी? स्वप्न पडलं का तुला?" मग वाकून त्यांनी फ्रेमखाली हात घातला आणि त्यांचे डोळे चमकले. "पण कल्पना चांगली आहे हं तुझी. इथून आरपार दांडा घालता येईल. तुझ्या सवयीचं होईल. करतोच मी. झालं की तूच बसून बघ, दुसऱ्या कुणाला मी बसू देणार नाही. बसशील ना?"

या माणसाने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये मी लहानपणापासून डोळे मिटून चढले आहे. आता मला त्यांची भीती वाटत होती, माझ्या बाबांची. आणि ती त्यांना दिसेल याची त्याहून जास्त.

"बसेन की," मी म्हणाले.

मला उठवायला त्यांनी हात पुढे केला. मी वाळूला टेकून माझी मीच उठले.