बदामाची नव्वी

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी बसवलेली कॉलर कधी फुगत नाही, असा आसपासच्या गल्ल्यांत त्यांचा लौकिक होता. तेव्हा नवऱ्याच्या लॅपटॉपवरची बोट फिरवायची पाटी मधोमध वर आलीय, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

ओरडल्या त्या नणंदबाई. "वहिनी, अगं टम्म फुगलाय हा! पेटला म्हणजे? बंद कर आधी."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत नणंदेशी त्या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या.

काकूंचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे. काना-मात्रा सुटलेली दिसली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. निवृत्त झाले तेव्हा मुलीने आपला जुना लॅपटॉप दिला, बाबा बातम्या वाचतील म्हणून. बाबा त्यावर एकट्याने पत्ते खेळायला शिकले. काकू मापाची टेप गळ्यात आणि टाचण्या तोंडात धरून मागे उभ्या राहायच्या.

"अहो, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि समोरची राणी दिसत नाही?"

"तोंडात टाचण्या असूनही हिला बोलता येतं! मध्ये बोलू नकोस गं."

त्या सकाळीही काकूंना दिसलं होतं. बदामाची नव्वी सरळ इस्पिकच्या दश्शीवर जात होती. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "एवढा डाव संपवतो आणि आंघोळीला जातो," हे म्हणाले. पाणी प्यायला उठले, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच कोसळले.

डाव तसाच राहिला. चार्जर निघाला की सगळं बंद पडतं, एवढं काकूंना मुलीच्या बोलण्यातून ठाऊक होतं. वर्ष होत आलं, त्यांनी ती पिन काढली नव्हती; वीज गेली तरी घरात इन्व्हर्टर होता. केर काढताना वायरभोवतीने झाडू फिरवायच्या. सकाळी चहा घेऊन बसायच्या, एक बटण दाबायच्या. पडदा उजळायचा. नव्वी जागेवर, दश्शी जागेवर. मग शिलाई मशीनचं झाकण काढायच्या.

शेवटी नणंदबाईंनी दुरुस्तीवाल्याला घरीच बोलावलं. त्याने लॅपटॉप कडेने वाकून पाहिला, बोट मात्र लावलं नाही.

"कायम चार्जिंगला असायचा का, काकू?"

"कायम. एकदासुद्धा काढला नाही," काकू जरा अभिमानानेच म्हणाल्या.

"त्यानेच फुगली बॅटरी. सतत भरलेली ठेवली की असं होतं."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. "जपला म्हणून?"

त्याने आपली पिशवी पुढे ओढली. मग म्हणाला, "नवीन बसवतो. फोटोबिटो सगळं राहील."

"आणि हा डाव?"

"जुना खेळ आहे, डाव लक्षात ठेवत नाही. बॅटरी काढायला बंदच करावा लागेल."

"चालू ठेवून नाही का जमणार? चार्जरवर?"

"चालू मशीनमध्ये हात नाही घालत मी. त्यात ही फुगलेली. जरा टोक लागलं तरी भडकेल."

नणंदबाई पदर तोंडाला लावून खिडकीशी गेल्या. शेवटी भाऊ त्यांचाही होता.

काकू खुर्चीत बसल्या. यजमानांच्या खुर्चीत. बोट पाटीवर ठेवलं, नव्वीच्या दिशेने सरकवलं. बाण हलला नाही. पुन्हा सरकवलं. खालून बॅटरीने पाटी अशी वर रेटली होती, की ती कुणाचंच ऐकत नव्हती.

"माऊस आहे माझ्या पिशवीत," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "लावून देऊ? एक पत्ता तर हलवायचाय."

काकूंनी मान हलवली. "नको. मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही."

आणि चार्जरची पिन त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. पडदा काळा झाला. त्यात टेप गळ्यात घातलेली एक बाई तेवढी दिसत होती.

नवी बॅटरी बसली. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप सुरू केला, सवयीने पत्त्यांचा खेळही उघडला. कोरा डाव मांडला गेला, पत्ते बहुतेक पालथे.

"आता चार्जर लावायची गरज नाही, काकू. चार-पाच तास आरामात चालेल. कुठेही घेऊन जा."

"कुठे नेऊ?" काकूंनी विचारलं. अगदी सरळ विचारलं, जणू त्याला ठाऊक असेल.