दुधनेकाठी आईचं घर शोधताना

वाटूर फाट्यावर चहा घेऊन गाडी निघाली आणि थोड्याच वेळात आई म्हणाली, रस्ता चुकला. चालक बरोबर जात होता. तिच्या ओळखीचा रस्ताच धरणात गेला होता. दुधना नदीवरच्या या धरणात नावेतून फेरी आणि एक रात्र काठावर तंबूत, अशी ही सहल. बाकीची मंडळी मौजेला आली होती. आईला मात्र पाण्यात गेलेलं माहेर बघायचं होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथली जोती (घरांचे दगडी पाये) उघडी पडतात, असं तिने ऐकलं होतं.

नावेने इतकी वळणं घेतली की माझ्या डोक्यात दिशांचा पार काला झाला. टेकाडावर उतरलो तर चहूकडे जोतीच जोती. तंबू त्यांच्यामध्येच ठोकलेले. मी दोरीला अडखळून भाजीच्या पातेल्याशेजारी आडवी झाले. मंडळी हसली, आई हसली नाही. ती एकेका जोत्यावर चढून बघत होती.

सहल नेणारा मनोज भला माणूस. त्याने विचारलं, "मावशी, काही खूण सांगा. देऊळ, पार, काही?"

"गावात कुठं येऊ देत व्हते आम्हाला? देऊळ म्या लांबूनच पाह्यलं," आई म्हणाली. "आमचा बौद्धवाडा खालच्या अंगाला. गावाचं धुणं-पाणी झालं की तेच पाणी आमच्या घाटावर यायचं. पाणी कुणीकडं वाहतं तेवढं सांग, मंग मी घर दाखवते."

मनोजने पाण्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. धरणाचं तुंबलेलं पाणी, ते कुठे वाहणार? त्याने एक वाळकं पान सोडलं. वाऱ्याने ते डावीकडे गेलं, मग परत फिरून आमच्या पायाशी आलं. धरणाची भिंत अमुक बाजूला आहे असं तो सांगत होता, पण नदी इथे वळसे घेत गेलेली. एक काका डावीकडे म्हणाले, काकू उजवीकडे. दोन्हीकडे जोती होती आणि सगळी सारखीच. मला आईचा रागही आला आणि रडूही आलं. भाकरी-ठेचा समोर असून ती नीट जेवली नाही.

सकाळी ती तंबूत नव्हती. धावत गेले, तर थोड्या अंतरावर रुंद दगडी पायऱ्यांवर बसलेली. पातळ ओलं, केस ओले.

"हा गावाचा घाट. वरचा," ती म्हणाली. "लहानपणी हितं पाय ठेवला तर मार बसायचा."

"आणि आपलं घर?"

"न्हाई घावलं."

परतताना ती गाडीत गाढ झोपली. मी जागीच. एवढ्या लांब जाऊन तिला काय मिळालं आणि काय कायमचं गेलं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. घरी शेजारणींनी विचारलं, माहेर सापडलं का? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई पदर सावरत म्हणाली, "वरच्या घाटावर अंघोळ करून आले."